कोड विचारणारे पान पुरेसे नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘आपल्या खात्याला टू-फॅक्टर लावून घ्या’, म्हणजे पासवर्डनंतर एक कोडही विचारला जाईल असे करा, असा सल्ला आपल्या पुरवणीत अधूनमधून येतो. सल्ला रास्त आहे. दर महिन्याला छापलात तरी मला तो जास्त वाटणार नाही. पण तो वाचून असा समज होतो की वापरणाऱ्याने एक बटण दाबले की काम झाले. ते बटण बसवणाऱ्यांपैकी मी एक आहे. बारा वर्षे वेब ॲप्लिकेशन लिहिते आहे आणि एका रक्ततपासणी प्रयोगशाळेच्या ॲप्लिकेशनला लॉगिनचा हा दुसरा टप्पा मीच लावला. प्रयोगशाळेचे नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. जे चुकले ते माझ्या हातून चुकले आणि ते कुठेही चुकू शकते, म्हणून हे पत्र.

आमच्यावर ही वेळ आली ती पासवर्डमुळे. एका कर्मचाऱ्याने इथला पासवर्ड दुसऱ्या एका साइटवरही ठेवला होता. तिथली यादी फुटली आणि कोणीतरी त्या यादीतला ईमेल व पासवर्ड आमच्या लॉगिनवर लावून पाहिला. तो लागला. पासवर्ड बरोबर होता, त्यामुळे आमच्या सर्व्हरच्या दृष्टीने काहीच गैर घडले नव्हते. सकाळी सर्व्हरच्या नोंदी (लॉग) चाळताना दिसले, की रात्री पावणेतीनपासून एकाच खात्यातून रिपोर्ट उघडले जात आहेत, एकापाठोपाठ एक, नोंदणी क्रमांकाच्या क्रमाने. कामावरचा माणूस असे रिपोर्ट पाहत नाही. त्याला हवा तो रुग्ण तो नाव टाकून शोधतो. कोणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट, कोणाचा गर्भधारणेचा, कोणाचा कर्करोगाच्या संशयाचा. पासवर्ड बदलता येतो. वाचला गेलेला रिपोर्ट न वाचलेला करता येत नाही. ती यादी समोर घेऊन बसले होते तेव्हाच ठरवले, की निव्वळ पासवर्डवर हे ॲप्लिकेशन यापुढे उघडणार नाही.

पहिला प्रश्न होता कोड पाठवायचा कसा. एसएमएस सगळ्यांना माहीत असतो, शिकवावा लागत नाही, म्हणून तोच लावा असा आग्रह होता. मी नाही म्हटले. एसएमएस फोन नंबरवर येतो, आणि फोन नंबर आपल्या ताब्यात नसून मोबाइल कंपनीच्या ताब्यात असतो. कोणी कंपनीला फसवून तोच नंबर दुसऱ्या सिमवर चालू करून घेतला, तर कोड त्याच्याकडे जातो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फोन नेटवर्कवरून येणारा कोड ‘मर्यादित’ गटात टाकला. म्हणजे वापरा, पण धोका सांगून आणि दुसरा पर्याय देऊन. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, रेडिट या कंपनीने जाहीर केले की तिच्या काही कर्मचाऱ्यांची खाती एसएमएसचा कोड मध्येच पकडून फोडली गेली. तरीही ज्याच्याकडे दुसरा उपाय नाही त्याने एसएमएस तरी लावावा असेच मी सांगेन. आमच्यावर चालून आला तो यादी लावून पाहणारा चोर होता, आणि तसा चोर एसएमएसनेही अडला असता.

आम्ही ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे फोनमध्येच कोड तयार करणारे ॲप, निवडले. ते कसे चालते हे वाचकांना फारसे कोणी सांगत नाही, आणि मला ते अजूनही सुंदर वाटते. तुम्ही क्यूआर कोड स्कॅन करता तेव्हा फोनमध्ये एक गुप्त किल्ली उतरते. तीच किल्ली सर्व्हरवरही असते. त्यानंतर दोघांचे आपसात काहीच बोलणे होत नाही. १ जानेवारी १९७० पासून आतापर्यंत किती सेकंद झाले ते मोजायचे, त्याला ३० ने भागायचे, आणि येणारा पूर्णांक त्या किल्लीबरोबर एका गणितात घालायचा. त्यातून सहा अंक निघतात. फोनने काढलेले अंक आणि सर्व्हरने काढलेले अंक जुळले, तर किल्ली तुमच्याजवळच आहे. म्हणून फोन फ्लाइट मोडवर असला तरी कोड येतो आणि दर अर्ध्या मिनिटाला बदलतो. ही पद्धत २०११ साली इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालेत आरएफसी ६२३८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. ती सर्वांना खुली आहे आणि तिच्यासाठी तयार लायब्ररी, म्हणजे आयते लिहिलेले प्रोग्राम, मिळतात.

त्यामुळेच माझे काम दोन दिवसांत उरकले. क्यूआर दिसू लागला, ॲप कोड दाखवू लागले, बरोबर कोडला आत, चुकीच्या कोडला बाहेर. मी ते टेस्टिंगला दिले. आमच्याकडे टेस्टिंग करणारी मुलगी माझ्याहून बरीच लहान आहे. अर्ध्या तासात ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, “ताई, कोड नाही टाकला तरी आत जाता येतंय.”

तिने करून दाखवले. ईमेल टाकला, पासवर्ड टाकला, कोड विचारणारे पान आले. तिने त्या पानाकडे लक्षच दिले नाही. वरच्या पट्टीत रिपोर्टच्या पानाचा पत्ता हाताने लिहिला आणि एंटर दाबले. रिपोर्ट उघडले. पासवर्ड जुळला की सेशन, म्हणजे आत वावरण्याचा परवाना, तयार करायचे, हे माझ्या जुन्या प्रोग्राममध्ये वर्षानुवर्षे होते. मी त्याच्या पुढे कोडचे पान जोडले होते, पण तोवर सर्व्हरने त्या माणसाला आत घेतलेले असायचे. सहा अंकांचे पान फक्त वाटेत उभे होते. त्याला वळसा घालून कोणीही पुढे जाऊ शकत होता. दुरुस्ती अशी केली, की पासवर्ड जुळल्यावर मिळते ते अर्धेच सेशन. पाच मिनिटांत संपणारे, आणि कोडच्या पानाखेरीज काहीही न उघडणारे. खरे सेशन कोड जुळल्यावर, नव्या ओळखचिन्हासह तयार होते.

त्या दिवसानंतर मी कोडच्या पानाकडे पाहणे थांबवले. कागद घेऊन बसले आणि आमच्या ॲप्लिकेशनमध्ये माणूस आत कुठकुठून येऊ शकतो ते लिहून काढले. लॉगिनचे पान ही त्यातली एकच वाट निघाली. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबून ईमेलमधल्या लिंकवर गेले, की नवा पासवर्ड ठेवल्याबरोबर ॲप्लिकेशन माणसाला थेट आत घ्यायचे, कोड न विचारता. सोय म्हणून मीच तसे केले होते, काही वर्षांपूर्वी. म्हणजे ज्याच्या हाती तुमचा ईमेल, त्याला आमचा दुसरा टप्पा लागतच नव्हता. मोबाइल ॲपसाठी सर्व्हरवर वेगळे लॉगिन होते आणि त्याला टू-फॅक्टरचा पत्ताच नव्हता. ‘मला लक्षात ठेवा’ची जुनी कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये राहणारी ओळखीची चिठ्ठी, महिनोन्महिने चालत होती. आणि एक वाट मी साफ विसरले होते: ग्राहकाची अडचण समजावी म्हणून मदत विभागाला कोणाच्याही खात्यात त्याच्या नावाने शिरण्याची सोय दिलेली होती. या सगळ्या वाटा एकाच तपासणीतून जातील असे करायला तीन आठवडे लागले. कोडचे पान दोन दिवसांचे, बाकीचे तीन आठवड्यांचे. ‘टू-फॅक्टर लावायला किती वेळ लागेल’ असे कोणी विचारले, की मी हाच हिशेब सांगते.

सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तक्रार आली: “कोड कधी चालतो, कधी चालत नाही.” अशा तक्रारीवर आपल्या धंद्यात चटकन एक उत्तर येते, की तुम्ही टाइप करताना चुकत असाल. मीही तेच म्हणणार होते. पण दोघीतिघींनी तेच सांगितले, तेव्हा एकीच्या शेजारी जाऊन बसले. तिने फोनवर पाहून शून्य चार आठ दोन एक तीन असे अंक माझ्यासमोर अचूक टाकले. चुकीचा कोड, असे उत्तर आले. पुढचा कोड सातने सुरू होत होता, तो चालला. तेव्हा उमगले. आमचा फॉर्म त्या सहा अंकांना संख्या समजत होता, आणि संख्येच्या सुरुवातीचे शून्य गळून पडते. सर्व्हर सहा अंकांची वाट पाहायचा, त्याला पाचच मिळायचे. दहा कोडांतला एक शून्याने सुरू होतो. म्हणून दहातल्या नऊ वेळा सगळे ठीक, आणि आमच्या चाचण्यांमध्ये ते सापडले नव्हते. कोड ही संख्या नाही, तो मजकूर आहे. एका ओळीची दुरुस्ती. पण त्या आठवडाभर त्या बायकांना वाटत होते की आपल्यालाच हे जमत नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

घड्याळाचा घोळ त्यानंतरचा. एका सकाळी कोणाचाच कोड चालेना. सर्व्हरचे घड्याळ वेळ जुळवणाऱ्या सेवेपासून तुटले होते आणि दीड मिनिट मागे पडले होते. कोड वेळेवर चालतो, त्यामुळे सर्व्हरची वेळ चुकली की सगळेच चुकतात. थोडी सूट द्यावीच लागते. आधीचा आणि पुढचा एकेक कोड आम्ही चालवून घेतो. ती सूट वाढवून दहा कोडांची करा, म्हणजे तक्रारी येणार नाहीत, अशी सूचना आली होती. मी घड्याळ दुरुस्त केले आणि सूट होती तेवढीच ठेवली.

कारण सूट म्हणजे चोराला दिलेली जास्तीची तिकिटे. हे गणित मी आमच्या बैठकीत फळ्यावर मांडले होते. सहा अंकी कोड दहा लाख. एका वेळी तीन चालतात. चोराला पासवर्ड माहीत आहे आणि आपण त्याच्या प्रयत्नांना मर्यादा घातलेली नाही, असे धरू. सेकंदाला दहा कोड या वेगाने दिवसभरात ८ लाख ६४ हजार प्रयत्न होतात. एवढ्यात एखादा तरी लागून जाण्याची शक्यता शंभरात ९० पेक्षा जास्त निघते. कोड दर ३० सेकंदांनी बदलतो म्हणून तो ओळखता येणार नाही, असे खोलीतल्या बहुतेकांना वाटत होते. कोड बदलल्याने चोराचे काही बिघडत नाही; त्याला कोणताही एक लागला की पुरे. त्याला अडवते ती प्रयत्नांची मोजदाद. आमच्याकडे पाच चुकांनंतर खात्याचा दुसरा टप्पा थांबतो आणि खातेदाराला ईमेल जातो, कारण दुसऱ्या टप्प्यावर चुका होत आहेत याचा अर्थ पासवर्ड आधीच कोणाच्या तरी हाती आहे. आणि एकदा चाललेला कोड पुन्हा चालता कामा नये. आरएफसीच्या मूळ दस्तऐवजात ते स्पष्ट लिहिले आहे, पण आमच्या लायब्ररीत ते आपोआप होत नव्हते; शेवटचा चाललेला आकडा आपणच साठवावा लागला.

किल्लीबद्दल थोडक्यात. पासवर्ड आपण परत न उलगडणाऱ्या रूपात ठेवतो. ही किल्ली तशी ठेवता येत नाही, सर्व्हरला ती दर वेळी वापरावी लागते. म्हणून ती कुलूपबंद करून ठेवायची आणि त्या कुलपाची चावी त्याच डेटाबेसमध्ये ठेवायची नाही. क्यूआरचे चित्र आपल्याच सर्व्हरवर काढायचे. बाहेरच्या फुकट सेवेकडून ते काढून घेतले, तर किल्ली तिच्या हातात दिल्यासारखे होते.

आता ज्या रात्रीमुळे मी हे पत्र लिहायला बसले त्या रात्रीविषयी. रात्रपाळीला एक ज्येष्ठ तंत्रज्ञ बाई होत्या. एका अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचे पोटॅशियम फार वाढलेले निघाले. आकडा त्यांनी डॉक्टरांना फोनवर कळवला, पण सही झालेला रिपोर्ट ॲप्लिकेशनमधूनच निघतो. त्यांचा मोबाइल त्याच संध्याकाळी पडून बंद झाला होता, त्या दुसऱ्या फोनवरून बोलत होत्या. कोड मिळणार कुठून? रात्री मदत विभागात कोणी नव्हते. त्यांनी मला फोन केला. मी त्यांचा आवाज ओळखला, डेटाबेसमध्ये शिरून त्यांच्या खात्याचा दुसरा टप्पा काढून टाकला, आणि दोन मिनिटांत रिपोर्ट गेला.

फोन ठेवला आणि मग झोप लागली नाही. मी एका आवाजावर कुलूप काढून दिले होते. आवाज खराच त्यांचा होता, पण मी पडताळले काय होते? दुसऱ्या दिवशी मदत विभागात विचारले, की फोन हरवला असे कोणी सांगितले तर तुम्ही काय करता. उत्तर मिळाले: जन्मतारीख विचारतो आणि टू-फॅक्टर काढून देतो. मी तीन आठवडे खपून बंद केलेल्या सगळ्या वाटांच्या शेजारी एक वाट सताड उघडी होती, आणि ती कोणाच्या निष्काळजीपणामुळे नव्हती. फोन बिघडलेल्या माणसासाठी मी काहीच बांधले नव्हते, म्हणून भल्या माणसांनी आपल्या परीने ती काढली होती.

ते मी नंतर बांधले, आणि ते आधी बांधायला हवे होते. आता टू-फॅक्टर सुरू करताना प्रत्येकाला दहा बॅकअप कोड मिळतात, एकदाच चालणारे. सुरुवातीला ‘डाउनलोड करा’ असे बटण होते. लोक ते कोड त्याच फोनमध्ये ठेवायचे, आणि फोन गेला की कोडही जायचे. आता पान कागदावर उतरवून घ्यायला सांगते आणि त्यातला एक कोड टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. दुसरे साधन जोडता येते. आणि रात्रपाळीसाठी पाळीप्रमुखाला एक अधिकार दिला आहे: समोर प्रत्यक्ष उभ्या असलेल्या माणसाला तो स्वतःच्या खात्यातून एका पाळीपुरता प्रवेश देऊ शकतो. त्याची नोंद होते आणि दोघांनाही ईमेल जातो. मदत विभागाकडचे ‘काढून टाका’ बटण आम्ही काढले. त्यांनाच त्याचा सर्वांत जास्त आनंद झाला, कारण फोनवर रडणाऱ्या माणसाला नाही म्हणणे किंवा अनोळख्याला हो म्हणणे, यातले काहीतरी दर वेळी त्यांच्या माथी यायचे.

एवढे करूनही एक उणीव राहते ती लपवत नाही. हुबेहूब आमच्यासारखे दिसणारे खोटे पान कोणी उभे केले, तर माणूस पासवर्डही तिथे टाकेल आणि कोडही, आणि ते पान दोन्ही त्याच क्षणी खऱ्या सर्व्हरवर लावून आत शिरेल. सहा अंकांना कळत नाही की आपण कोणत्या साइटवर टाकले जात आहोत. पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात ठेवलेली किल्ली) आणि यूएसबीची सुरक्षा-किल्ली यांना ते कळते. ब्राउझर साइटचा खरा पत्ता तपासतो आणि पत्ता वेगळा असेल तर उत्तरच देत नाही. त्यामागचे वेबऑथन हे मानक २०१९ मध्ये पक्के झाले. गूगलने आपल्या ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना २०१७ पासून अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या, आणि त्यानंतर कोणाचेही कामाचे खाते फिशिंगने, म्हणजे अशा खोट्या पानाच्या फसवणुकीने, गेले नाही, असे २०१८ मध्ये सांगितले.

आपल्याला विनंती एवढीच. ‘टू-फॅक्टर लावा’ असे पुन्हा छापाल तेव्हा त्याच्या शेजारी दोन ओळी साइट चालवणाऱ्यांसाठीही छापा: तुमच्या साइटवर पासवर्ड विसरलेला माणूस कोड न देता आत जातो का, आणि ज्याचा फोन आज संध्याकाळी फुटला तो आज रात्री काय करतो? वाचकांनीही आपापल्या साइटना हे विचारावे. विचारणारे वाढले की असे काम मागाहून करायला ठेवले जाणार नाही. आमच्याकडे सध्या पासकीचे काम सुरू आहे. या खेपेला पहिले पान मी फोन हरवलेल्या माणसासाठीचे लिहायला घेतले आहे, आणि ते त्या रात्रपाळीच्या बाईंनी वापरून पाहिल्याशिवाय पुढचे सुरू करणार नाही.

आपली विश्वासू,
एक वाचक, वेब डेव्हलपर